गिरणाऱ्याच्या द्राक्षबागांतून घोडी नेताना

नाशिकजवळच्या गिरणाऱ्यातल्या एका तबेल्याच्या मालकाने जागा दाखवताना सांगितलं होतं, "गेटबाहेर पडलात की थेट कच्चा रस्ता. कश्यपी धरणाकडे जाईपर्यंत ट्रॅफिकचा त्रास नाही." ट्रॅफिकचा त्रास नाही हे खरं. ज्याचा आहे ते त्यांनी सांगितलं नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. मांड्या अजून भरून आहेत, त्यामुळे कुठे जास्त कडक बोललो तर चालवून घ्या. तुम्हाला दुडकी चालीवर नीट बसता येतं, जीन-लगाम स्वतःचे आहेत आणि हेल्मेट डोक्यावर असतं, हे धरूनच पुढचं लिहिलंय.

घोडी सारंगखेड्याच्या यात्रेतली. मारवाडी जातीची, कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाची, रेवाल (स्वाराला न हिसकवणारी झपझप) चाल सुंदर. दोंडाईचा, धुळे, मालेगाव असा पिकअपमधून प्रवास झाला, त्यात काही विशेष नाही. फक्त गाडीच्या पत्र्यावर आधी वाळू आणि वर पेंढा टाकून घ्या, नाहीतर प्रत्येक ब्रेकला नाल सरकतात. दर तीन-चार तासांनी थांबून पाणी दाखवा. प्यायली नाही तरी दाखवा.

तबेला निवडताना पांढरं कुंपण आणि हिरवळ बघू नका. तुम्ही घोडा आणताय म्हटल्यावर मालक ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाच्या रक्ततपासणीचा अहवाल मागतो का, ते बघा. माझ्याकडे कोणी मागितला नाही. म्हणजे शेजारच्या ठाणांवर उभ्या घोड्यांचाही कोणी मागितला नसणार, हे मला घरी परतताना सुचलं. हा रोग माणसालाही होतो आणि लागण झालेलं जनावर कायद्याने मारावं लागतं, तेव्हा इथे भिडेचा प्रश्नच नाही. नवीन घोडी दोन-तीन आठवडे इतरांपासून वेगळी बांधायचा आग्रह धरा. बादली वेगळी, खरारा (अंग घासायचा ब्रश) वेगळा. धनुर्वाताची लस झाली नसेल तर आल्या आल्या टोचून घ्या. तबेल्यात खिळे आणि तारांचे तुकडे कमी नसतात.

आता पैशांचं. महिन्याचे 15 हजार "चंदीसकट" ठरले होते. बिल आलं 21 हजार 400 चं. विचारलं तर म्हणे चंदी म्हणजे हरभरा आणि भरडा. कडब्याची कुट्टी वेगळी, लसूणघास वेगळा, रात्रीची राखण वेगळी. शुद्ध लूट आहे ही. शिवाय कुट्टीचे पैसे लावून ती पोटभर मिळतच नव्हती. भाजीवाले वापरतात तसला हुकाचा लटकता काटा मी खिशात नेला आणि दिवसभराची वैरण मोतद्दाराच्या (घोड्यांची निगा राखणाऱ्याच्या) समोर गोणीत भरून टांगली. चार किलोला काटा थांबला. घोड्याला दिवसाला वजनाच्या किमान दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते. साडेतीनशे किलोच्या घोडीला म्हणजे पाच ते सात किलो. मोतद्दार बिचारा खाली बघत राहिला, त्याला जेवढं मोजून मिळतं तेवढंच तो टाकणार. तेव्हा करारात "चंदी" हा शब्द लिहू नका. काय, किती किलो, दिवसातून किती वेळा, हे लिहून घ्या.

वैरण बदलायची ती सात ते दहा दिवसांत, थोडी थोडी. विकणाऱ्याकडून जुन्या कडब्याची एक पेंढी आणि भरड्याची पिशवी मागून आणा, तो देतो. घोड्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे पोटात बिघडलं की सरळ पोटशूळ. त्यात नाशिकची थंडी. पहाटे टाकीतलं पाणी इतकं गार असतं की घोडी नुसतं तोंड लावून सोडून देते. पाणी कमी झालं की कोरडा कडबा आतड्यात अडकतो. पाणी कोमट करून त्यात गुळाचा खडा टाका. रोज लीद बघा. गोळे बारीक आणि कडक पडायला लागले, किंवा घोडी वळून वळून कुशीकडे बघायला लागली, की डॉक्टरांना फोन. "थोडं फिरवून बघू" म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

आणि आता तो रस्ता.

तबेल्यापासून धोंडेगावच्या बाजूला जो शिवरस्ता जातो, त्याचा साधारण दीड किलोमीटरचा तुकडा दोन्ही बाजूंनी द्राक्षबागांमधून आहे. एरवी काही नाही. पण जानेवारी ते मार्च म्हणजे मणी भरण्याचा आणि काढणीचा काळ. पाखरं येऊ नयेत म्हणून बागेवर चमकीच्या पट्ट्या ताणलेल्या असतात. वारा सुटला की त्या फरफरतात आणि उन्हात आरशासारख्या डोळ्यावर मारतात. मध्येच कोणीतरी पत्र्याचा डबा बडवतो किंवा फटाका लावतो. पलीकडच्या ओळीत ट्रॅक्टरचा फवारणीचा ब्लोअर सुरू होतो, तो आधी दिसत नाही, नुसता घोंघावतो. यातलं एकेक घोडी सहन करेल. सगळं मिळून आलं आणि ती आडवी उडाली.

आडवी उडण्याचंही एवढं नाही, खरा धोका तारेचा आहे. प्रत्येक ओळीच्या टोकाच्या लोखंडी खांबाला, म्हणजे अँगलला, ताण देणारी तार तिरकी येऊन अगदी रस्त्याच्या कडेला जमिनीत गाडलेली असते. गवतात ती दिसत नाही. "ओ भाऊ, थांबा तिथंच, तार हाये!" असं बागेतून एक बाई ओरडल्या, तेव्हा घोडीचा मागचा पाय तारेपासून वीतभर होता. उतरलो, म्होरकी (तोंडावरची दोरी) धरली आणि उरलेला तुकडा चालत पार केला. तुम्हीही तेच करा. कितीही पट्टीचे स्वार असा, त्या दीड किलोमीटरमध्ये खाली उतरून, रस्त्याच्या मधोमध, घोडी आणि तार यांच्यामध्ये आपण. बांधावरचं गवत एक घासही खाऊ देऊ नका, फवारा तिथेच पडतो.

त्यापुढे कश्यपीचं पाणी, मोकळं माळरान, छान आहे. तिथे घोडी रेवाल चालीत अशी लागली की तासाभरापूर्वीचं सगळं विसरलो आणि चुकून वाघेऱ्याच्या घाटापर्यंत जायचा बेत करायला लागलो. करू नका. घोडी आणून महिनाही झाला नसताना घाट नाही. विसाव्याला तिची नाडी जबड्याखाली मोजा: निवांत घोड्याची मिनिटाला 28 ते 44 असते. चढानंतर दहा-पंधरा मिनिटांत 60 च्या खाली आली नाही तर तिथूनच मागे फिरा.

निघण्यापूर्वीच्या आठवड्यात नालबंद येऊन जाऊ दे, पण आदल्या दिवशी नको. खिळा खुराच्या जिवंत भागाजवळ बसला असेल तर लंगडेपणा कळायला एक-दोन दिवस लागतात. खुरातले खडे काढायचा आकडा खिशात ठेवा, जीनच्या पिशवीत नको, कारण लागतो तेव्हा तुम्ही खालीच उभे असता. तबेल्यात असतानाच म्होरकीवर धरून तिला दुरून ब्लोअर दाखवा, कुंपणाला दोन चमकीच्या पट्ट्या बांधा आणि त्यांच्याखाली भरडा द्या. हे मी आता रोज करतोय, आणि पट्टी हलली तरी ती तोबऱ्यातून तोंड काढत नाही.

सकाळी सातच्या आत निघा, फवारणी आणि टोमॅटोचे पिकअप सुरू व्हायच्या आधी. त्र्यंबक रस्त्याकडून वळून जायचा विचार असेल तर सोडून द्या, 2027 च्या सिंहस्थाची कामं आटोपेपर्यंत तिकडे घोडा काढण्यात अर्थ नाही. बाग उतरली, एप्रिलची खरड छाटणी झाली, की शिवरस्ता बराच शांत होतो. तेव्हा चमक्या नसतात, तारा मात्र असतातच. मी तोवर जागा बदलतोय. नव्या ठिकाणी शेड पत्र्याची आहे आणि बोअरला पाणी कमी, पण गेटबाहेर माळ आहे, आणि मालकाने पहिल्याच फोनवर रक्ताचा अहवाल मागितला.