संध्याकाळीच बिघडणारा रेडिओ

म्हापशात बाजारापासून थोडं आत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान आहे. बोर्डावर नाव रेडिओचं असलं तरी आता काम येतं ते मिक्सरचं, इन्व्हर्टरचं, देवळातल्या भजनाच्या अ‍ॅम्प्लिफायरचं, तियात्राच्या माइकचं. त्यामुळे गेल्या ऑक्टोबरअखेर हळदोण्याहून एका मुलाचा फोन आला आणि तो "शेजारच्या टीचरचा शॉर्टवेव्ह लागत नाही" म्हणाला, तेव्हा मी हातातलं सोल्डरिंग बाजूला ठेवून नीट ऐकलं. शॉर्टवेव्ह म्हणजे हजारो किलोमीटरवरची परदेशी स्टेशनं पकडणारा रेडिओ. आणखी दोघा मेकॅनिकांनी सेट बघून "काही बिघाड नाही" म्हणून परत दिला होता. दिवसा बरा असतो, संध्याकाळी चर्चची घंटा झाली की बिघडतो, असं तो मुलगा सांगत होता.

हे वाक्य ऐकून मी सकाळचं जाणं रद्द केलं. दुपार कलल्यावर निघालो. वेळ पाळून येणारा बिघाड सहसा सेटच्या पोटात नसतो.

टीचर ऐंशी ओलांडलेल्या. तरुणपणी नैरोबीत शिकवायच्या, मग गावी आल्या. सगळा वाडा त्यांना टीचर म्हणतो, म्हणून मीही टीचरच म्हणालो. त्या मला "पुता", म्हणजे बाळा, म्हणाल्या. (बोलणं कोकणीत झालं, इथे मराठीत देतोय.) मॅक्युलाच्या आजाराने डोळ्यांसमोरचा मधला भाग गेलाय, कडेचं धूसर दिसतं. पुस्तक वाचणं संपलं. शिक्षण आणि नोकरी दोन्ही इंग्रजीत झाल्यामुळे बायबल त्यांनी जन्मभर इंग्रजीतूनच वाचलं, आणि आता ते इंग्रजीतूनच कानावर पडावं ही त्यांची इच्छा. भाचीने मोबाइलवर अ‍ॅप घालून दिलं होतं. पण न दिसणाऱ्या माणसाने गुळगुळीत काचेवर बोट कुठे ठेवायचं? शिवाय त्या घरात नेटवर्क खिडकीशी आलं तर येतं. रेडिओला बटणं असतात, ती हाताला कळतात. वीज गेली तरी चार सेलवर तो बोलत राहतो. "नवं काहीतरी घ्या" असा सल्ला देणाऱ्यांनी एकदा या बाजूनेही बघावं, असं मला मनापासून वाटतं.

सेट सोनीचा, आयसीएफ-एसडब्ल्यू ७६००जी. भावाने आखातातून आणलेला. मी उघडला. सेलचे पॉइंट साफ, स्पीकर ठणठणीत, एरियलचा सांधा पक्का. बलकांवात, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसून लावला तर दुपारच्या उन्हात चिनी, अरबी, सगळी स्टेशनं साफ येत होती. आधीचे दोघेही इथपर्यंतच आले असणार आणि त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं.

"आता संध्याकाळपर्यंत थांबतो," मी म्हणालो.

"मग चहा होईल," टीचर म्हणाल्या, आणि मुलाला कपाटातला बिस्किटांचा डबा आणायला लावला. आत बिस्किटं नव्हती. पत्रं आणि कार्डं होती.

माझ्या धंद्यात ज्यांना क्यूएसएल कार्ड म्हणतात, ती ही. एखादं लांबचं स्टेशन ऐकलं, की कुठल्या दिवशी, किती वाजता, कुठल्या फ्रिक्वेन्सीवर आणि किती साफ ऐकलं ते लिहून पाठवायचं. स्टेशन तपासून पाहतं आणि खरं असेल तर पावती म्हणून कार्ड पाठवतं. टीचरना कार्डावरचं दिसत नव्हतं, पण काठ चाचपून त्या सांगत होत्या, हे अमक्याचं, हे तमक्याचं. सेशेल्सचं जाड कार्ड त्यांनी पहिलं काढलं. फीबा या ख्रिस्ती मिशनच्या रेडिओने १९७० पासून २००३ पर्यंत तिथून प्रसारण केलं. त्यांचे मनोरे किनाऱ्याजवळच्या प्रवाळाच्या खडकावर, चक्क समुद्रात उभे होते. खारं पाणी विजेला चांगलं वाहून नेतं, त्यामुळे लहर क्षितिजाला लागून लांब जाते. सेशेल्स ते गोवा सुमारे ३००० किलोमीटर, मध्ये सगळा समुद्र. ते स्टेशन इथे शेजारच्या घरातून बोलल्यासारखं यायचं, असं त्या म्हणाल्या, आणि अभियांत्रिकीच्या हिशेबाने मला ते पटलं.

मग व्हॅटिकन रेडिओ. ते मार्कोनीने स्वतः उभारलेलं, १२ फेब्रुवारी १९३१ ला पोप अकरावे पायस यांनी सुरू केलेलं. मग अ‍ॅडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओ, ज्याचं आशियाचं काम एके काळी आपल्या पुण्यातून चाले आणि इंग्रजी कार्यक्रम श्रीलंकेच्या ट्रान्समीटरवरून जात. टीचर कॅथलिक, आणि यातली बरीच स्टेशनं प्रोटेस्टंट मिशनांची. मी जरा भीत भीतच त्याबद्दल विचारलं. त्या म्हणाल्या, "तेर्स (जपमाळेची प्रार्थना) मी घरी म्हणते, मिसा चर्चमध्ये ऐकते. पण रोज एक अध्याय सावकाश कोण वाचून दाखवतो? हे लोक वाचतात." इतकं साधं उत्तर होतं.

आणि मग क्विटोचं कार्ड निघालं. माझं काळीज तिथे हललं, त्याचं कारण सांगायलाच हवं.

इक्वेडोरमधल्या क्विटोचं एचसीजेबी हे मिशनचं रेडिओ स्टेशन २५ डिसेंबर १९३१ ला सुरू झालं, अवघ्या २५० वॉटच्या ट्रान्समीटरवर. आजच्या मिक्सरची मोटर याहून जास्त वीज खाते. पुढे ताकद वाढवली तेव्हा एक विचित्र संकट आलं. क्विटो समुद्रसपाटीपासून सुमारे २८०० मीटर उंचावर आहे, तिथली हवा विरळ. विरळ हवेत उच्च दाबाची वीज लवकर निसटते. अँटेनाच्या नळ्यांच्या टोकांना रात्री जाळ दिसू लागले, आणि टोकांचं अ‍ॅल्युमिनियम अक्षरशः वितळून गळू लागलं. तिथल्या क्लॅरेन्स मूर या इंजिनिअरने विचार केला की टोकच नसेल तर जाळ होईल कुठून? त्याने तारेचा चौकोन केला, बंद, सुरुवात-शेवट नसलेला. हीच क्युबिकल क्वाड अँटेना. १९५१ मध्ये तिचं पेटंट मिळालं आणि जगभरच्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या, लोकांनी ती उचलली. माझे उस्ताद आकाशवाणीत ट्रान्समीटरवर होते, त्यांनी मला अँटेना शिकवताना पहिल्यांदा हीच गोष्ट सांगितली होती. त्या स्टेशनने पाठवलेलं कार्ड हळदोण्यात, माझ्या हातात होतं.

उस्ताद आणखीही सांगायचे. गोव्यात शॉर्टवेव्हचं मोल पूर्वीपासून माहीत आहे. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी १९५५ ते १९६१ सीमेपलीकडच्या जंगलातून गोव्याच्या मुक्तीचं गुप्त रेडिओ केंद्र चालवलं, ते शॉर्टवेव्हवरच. १८ डिसेंबर १९६१ ला हवाई दलाच्या हंटर विमानांनी पहिल्याच दिवशी पोर्तुगीजांचं बांबोळीचं वायरलेस स्टेशन उडवलं. पुढे पणजीला आकाशवाणीचे २५० किलोवॅटचे शॉर्टवेव्ह ट्रान्समीटर बसले. उस्ताद असते तर टीचरच्या बलकांवातून त्यांना उठवणं कठीण झालं असतं.

अंधार पडू लागला. घंटा झाली. टीचर उभ्या राहिल्या, क्रूस केला, ओठांतल्या ओठांत प्रार्थना म्हटली. त्या बसतात न बसतात तोच सेटमधून घर्रर्र सुरू झालं. हळूहळू नाही, एकदम. पाच मेगाहर्ट्झपासून पंधरापर्यंत भिंत उभी राहावी तसा आवाज, आणि त्यामागे सगळी स्टेशनं गडप.

आधी घराचा मेन स्विच पाडला. घर्रर्र तशीच. म्हणजे आपल्या घरातलं काही नाही. खिशातला छोटा सेट काढला, मीडियम वेव्हला रिकाम्या जागी लावला. त्याच्या आतली फेराइटची कांडी, म्हणजे त्याची आतली अँटेना, आवाजाच्या दिशेला टोक करून धरली की आवाज बसतो. त्यावरून दिशा कळते. दोन ठिकाणी उभं राहून दिशा घेतल्या. दोन्ही रेषा वाटेपलीकडच्या, नव्याने डागडुजी केलेल्या मोठ्या घरावर जाऊन मिळाल्या. बाहेरगावच्या कोणी घेतलेलं, पर्यटकांना भाड्याने देतात. कुंपणाच्या भिंतीवरून, झाडांच्या बुंध्यांवरून, तरणतलावाच्या काठाने एलईडीच्या पट्ट्या लावलेल्या. सगळ्या टायमरवर. घंटेची वेळ आणि टायमरची वेळ जवळजवळ एक.

केअरटेकर चंदगडचा निघाला. मराठी ऐकल्यावर मोकळा झाला.

"दादा, लाइटनं रेडिओ कसा बिघडेल? कुठं हे, कुठं ते."

त्याला समजावण्यापेक्षा दाखवलं. माझा सेट पट्टीच्या अ‍ॅडॉप्टरजवळ नेला, तो किंचाळला. "आता एक मिनिट बंद करा." त्याने टायमरचा खटका पाडला. अंधार झाला आणि त्याच क्षणी वाटेपलीकडून, टीचरच्या बलकांवातून, माणसाचा आवाज ऐकू आला. रेडिओ मी चालूच ठेवून आलो होतो.

तो पोरगा बघतच राहिला. "ह्ये त्या म्हातारीला रोज ऐकू येत नव्हतं आमच्यामुळं?"

कारण असं. पट्टीला बारा व्होल्ट लागतात. स्वस्तातला अ‍ॅडॉप्टर मेनची वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून-जोडून ती बनवतो. त्या तोडाजोडीतून निघणाऱ्या लहरी अडवायला आत फिल्टरची कॉइल आणि कंडेन्सर लागतात. पैसे वाचवायला तेच गाळलेले असतात. मग खांबावरची वायर आयती अँटेना होते आणि अख्ख्या वाड्यात ती घाण पसरते. टीव्ही केबलवर, गाणी मोबाइलवर, म्हणून कोणाला पत्ता लागत नाही. जिला लागतो ती एकटी म्हातारी असते, आणि तिला सांगितलं जातं की सेटमध्ये बिघाड नाही.

केअरटेकरने मालकाला फोन लावून दिला. खरं तर वादाची तयारी ठेवली होती मी. पण मालकाने सगळं ऐकून घेतलं आणि खर्च विचारला. चार अ‍ॅडॉप्टर बदलायचे, वायरींना फेराइट रिंगमधून वेढे द्यायचे. "करा," म्हणाला. त्या रात्रीपुरत्या पट्ट्या बंदच ठेवल्या.

परत आलो तर टीचर गप्प. आवाज साफ होता, पण तो दुसऱ्याच कुठल्या देशाचा होता. त्यांचं ऑस्ट्रेलियाचं स्टेशन नेहमीच्या आकड्यावर नव्हतं. क्विटोच्याच संस्थेच्या ऑस्ट्रेलियन शाखेने २००३ पासून कुनुनुरा इथून १०० किलोवॅटवर चालवलेलं, दक्षिण आशियासाठी इंग्रजीतही बोलणारं ते स्टेशन. "बंद झालं असेल, पुता," त्या म्हणाल्या. "क्विटोचं नाही का झालं?" तिथलं शॉर्टवेव्ह केंद्र २००९ मध्ये खरंच बंद झालंय.

मी तारीख बघितली आणि कोडं सुटलं. जगभरची शॉर्टवेव्ह स्टेशनं वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, फ्रिक्वेन्सी बदलतात. ऋतूप्रमाणे सूर्याचा जोर बदलतो, तसा वातावरणातल्या वरच्या आयनांच्या (विद्युतभारित कणांच्या) थराचा लहर परतवण्याचा गुणही बदलतो. उन्हाळ्यात जी फ्रिक्वेन्सी खाली परतते, ती हिवाळ्याच्या रात्री थर भेदून अवकाशात निघून जाते. म्हणून खाली यावं लागतं. नुकताच तो रविवार होऊन गेला होता. मी खालच्या बँडवर सावकाश शोधत गेलो. एका जागी बायकांचा कोरस, मग शांत इंग्रजी आवाज, मग स्टेशनचं नाव.

सात हजार किलोमीटर. जमिनीपासून अडीच-तीनशे किलोमीटर वर जाऊन, परतून, समुद्रावर आपटून, पुन्हा वर जाऊन तो आवाज हळदोण्यापर्यंत धड येत होता आणि शेवटच्या पन्नास पावलांत मरत होता. याचा मला त्या रात्री फार राग आला होता, तो अजून आहे.

टीचरनी हात वर करून मला गप्प केलं. अध्याय संपेपर्यंत आम्ही कोणी बोललो नाही. संपल्यावर त्या पहिलं वाक्य बोलल्या ते शिक्षिकेचंच: "कागद घे, लिही."

मी रिपोर्ट लिहिला. तारीख, जागतिक वेळ, फ्रिक्वेन्सी, सिंपो कोड, म्हणजे आवाज किती साफ आला त्याचे पाचपैकी गुण. सिग्नल ४, अडथळा ५ म्हणजे नाहीच, गोंगाट ४, चढउतार ३, एकूण ४. गोंगाटाला ५ द्यावेत असं मला वाटत होतं. त्यांनी ऐकलं नाही, पाठीमागची बारीक खरखर त्यांच्या कानाने पकडली होती. सही त्यांनी स्वतः केली, मी बोट जागेवर नेऊन दिलं.

त्या खरखरीसाठी पुढच्या आठवड्यात एक लूप, म्हणजे गोल अँटेना, करून नेला. एसीच्या तांब्याच्या नळीचा मीटरभर व्यासाचा गोल, आणि जुन्या व्हॉल्व्हच्या सेटमधला गँग, म्हणजे स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर. मूरचा क्वाड पाठवण्यासाठीचा, मोठा. माझा हा फक्त ऐकण्यासाठीचा. पण वाकडातिकडा फिरवला की जवळचा गोंगाट बसतो आणि लांबचा आवाज राहतो. टीचरना तो फिरवायला आवडतो, कारण तिथे डोळ्यांचं काम नाही.

फ्रिक्वेन्सी मेमरीच्या एका बटणात बसवून दिली आणि त्या बटणावर एम-सीलचा छोटा ठिपका लावला, बोटाला लागेल असा. मार्चच्या शेवटच्या रविवारी आकडे पुन्हा बदलतील. त्या सोमवारी दुकान दुपारीच बंद करून हळदोण्याला जायचं हे माझ्या कॅलेंडरवर लिहिलेलं आहे. चंदगडचा पोरगाही येणार म्हणालाय. त्याला लूप कसा बनवतात ते शिकायचंय.