आमची वाटचाल: रुंदीकडून खोलीकडे

आमची कंपनी सुरू झाली ती सपाट पॅनोरमा, म्हणजे रुंद दृश्याचं एकसंध चित्र, जोडून देण्यासाठी. एका जागी कॅमेरा फिरवायचा, शेजारशेजारच्या चित्रांतले सारखे बिंदू सॉफ्टवेअरकडून शोधून घ्यायचे आणि चित्रं एकमेकांवर बसवायची. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड लो यांच्या, असे बिंदू ओळखणाऱ्या सिफ्ट पद्धतीमुळे हे काम बरंच सोपं झालं होतं. मग ग्राहक विचारू लागले, हेच दृश्य चालतंबोलतं आणि खोलीसकट मिळेल का?

इथे खरी अडचण आहे. सांधा दिसू नये म्हणून सगळ्या लेन्स जणू एकाच बिंदूवर हव्यात; खोली जाणवावी म्हणून त्या दूर हव्यात, निदान आपल्या दोन डोळ्यांत असतं तेवढं, म्हणजे सरासरी ६३ मिलिमीटर अंतर ठेवून. रुंदी आणि खोली एकमेकींच्या विरुद्ध ओढतात. आमचं सगळं काम या ओढाताणीतच चालतं.

श्मुएल पेलेग आणि मोशे बेन-एझ्रा या संशोधकांनी १९९९ मध्ये दाखवलं, की एकाच फिरत्या कॅमेऱ्याच्या चित्रांतल्या अरुंद पट्ट्या वेगवेगळ्या जोडून दोन्ही डोळ्यांसाठी स्वतंत्र पॅनोरमा करता येतो. कल्पना विलक्षण सुंदर, पण दृश्य स्थिर हवं. माणसं हलत असतील तर सगळ्या दिशा एकाच क्षणी टिपायला हव्यात, म्हणून आम्ही गोलाकार बसवलेल्या कॅमेऱ्यांकडे वळलो. दोन लेन्सच्या मधलं दृश्य आता सॉफ्टवेअर हिशेबाने भरतं.

या कामात मी सगळ्यात जास्त जपतो ते कॅमेऱ्यांचं सिंक, म्हणजे सगळ्यांनी नेमक्या एकाच क्षणी चित्र टिपणं. सेकंदाला ६० फ्रेम असताना एका फ्रेमची चूक म्हणजे जवळपास १७ मिलिसेकंद. तेवढ्यात सेकंदाला दीड मीटर चालणारा माणूस अडीच सेंटिमीटर सरकतो, आणि सॉफ्टवेअर ते सरकणं खोली म्हणून धरतं. माणूस आहे त्यापेक्षा जवळ किंवा लांब दिसू लागतो. दोन डोळ्यांच्या चित्रांत उभा फरक राहिला, म्हणजे एकच वस्तू एकात वर आणि दुसऱ्यात खाली आली, तर पाहणाऱ्याचं डोकं दुखतं, म्हणून डोळ्यांवर लावायचा व्हीआर हेडसेट घालून पूर्ण पाहिल्याशिवाय आम्ही काम देत नाही.

थेट डोक्यावर आणि पायाखाली ही पद्धत चालत नाही. तिथे आम्ही खोली हळूहळू कमी करत चित्र सपाट करतो. पाहणाऱ्याने मान तिरकी केली किंवा अर्धं पाऊल पुढे टाकलं तरी तयार चित्र अपुरं पडतं. त्यासाठी प्रत्येक बिंदूचं अंतर मोजून दृश्य त्या क्षणी नव्याने रचावं लागतं. सध्या आमची गुंतवणूक आणि आमची उत्तम माणसं त्याच कामावर आहेत.