ताश्कंदला जायचंय, पण सोमवारी

"एप्रिलमध्ये उझबेकिस्तानला चाललोय" असं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सांगायची चूक नवऱ्याने केली आणि दहा मिनिटांत तीन काकांनी डोळा मारणारे इमोजी टाकले. एकाने तर खाली लिहिलं, "वहिनींना घेऊन?" हे का, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आपल्याकडे सिमेंटच्या नाहीतर टाइल्सच्या डीलर लोकांच्या बक्षीस म्हणून ज्या ट्रिपा जातात ना, त्यातल्या बऱ्याच ताश्कंदला जातात आणि तिथून परत आलेले पुरुष फोटो फक्त डोंगरातल्या रोपवेचे दाखवतात. असो. आम्ही तिघं चाललोय, मी, नवरा आणि माझी ७२ वर्षांची आई, जिचे दोन्ही गुडघे संपावर आहेत. त्यामुळे काकांनी निश्चिंत राहावं.

पहिल्यांदा एका टूरवाल्याकडेच गेलो होतो. त्याने पाच दिवसांचं पॅकेज काढून दिलं, त्यात ताश्कंद तीन दिवस, चिमगानचे डोंगर एक दिवस, समरकंदला सकाळी जाऊन रात्री परत, आणि दोन संध्याकाळी "गाला डिनर विथ बेली डान्स". मी विचारलं उलूग बेगची वेधशाळा आहे का यात, तर तो म्हणाला "मॅडम ते सगळं रस्त्यात बघता येईल". तिथेच उठले. म्हटलं आपण आपलं ठरवू, गूगल आहे, नकाशा आहे, नवऱ्याचं एक्सेल आहे.

एक्सेल आलं आणि भांडण सुरू झालं. कारण प्रत्येकाला वेगळंच काहीतरी बघायचं होतं आणि ते देशाच्या तीन टोकांना होतं.

माझं समरकंद. मी घरी दहावीचे गणिताचे क्लास घेते, बोर्डाची परीक्षा संपली की एप्रिल मोकळा, म्हणून तर ही ट्रिप एप्रिलमध्ये. (हवाही तेव्हाच बरी असते, उन्हाळ्यात तिकडे पारा चाळीसच्या वर जातो. फक्त त्यांची ती जगप्रसिद्ध टरबुजं-खरबुजं ऑगस्ट-सप्टेंबरात येतात, ती हुकणार, याचं दुःख आहे.) तर उलूग बेग. तैमूरलंगाचा नातू, पण आजोबाने देश जिंकले आणि नातवाने तारे मोजले. १४२० च्या दशकात समरकंदच्या टेकडीवर त्याने वेधशाळा बांधली, १४३७ मध्ये हजारावर ताऱ्यांचा तक्ता तयार केला, तोही दुर्बीण नसताना. एक अंशाचा साइन दशांश चिन्हापुढे कितीतरी घरांपर्यंत काढणारा अल-काशी त्याच्याचकडे होता. माझी पोरं कॅल्क्युलेटर नसला तर रडतात. पुढे १४४९ मध्ये उलूग बेगच्या स्वतःच्या मुलानेच त्याला मारवलं, वेधशाळा मोडली, ती कुठे होती हेही लोक विसरले, आणि १९०८ मध्ये उत्खननात जमिनीखालचा तिचा कमानीसारखा दगडी भाग सापडला. तेवढाच आता बघायला मिळतो. पण तक्ता राहिला की. आपल्या सवाई जयसिंगाने जंतरमंतर बांधली तेव्हा त्याच्यापुढे हेच उलूग बेगचे तक्ते होते. म्हणजे दिल्लीत शाळेच्या सहलीत ज्या लाल जिन्यावर आम्ही फोटो काढले त्याचं माहेर समरकंद. मला ते बघायचंच आहे, रेगिस्तान चौक आणि त्याच्या तीन मदरसा काय, त्या तर सगळेच बघतात (बघणार आहे मीही, त्यातली एक उलूग बेगनेच बांधलीय).

नवऱ्याचं खिवा. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि त्याचं म्हणणं असं की "ज्याच्या नावावर मी वीस वर्षं पोट भरतोय त्याच्या गावाला जायला नको?" अल-ख्वारिज्मी. त्याच्या नावावरून अल्गोरिदम आणि त्याच्या पुस्तकाच्या नावातल्या 'अल-जब्र' वरून अल्जिब्रा. आता मी म्हटलं की बाबा तो मूळचा ख्वारझमकडचा (म्हणजे खिव्याच्या मुलखातला) असला तरी काम सगळं त्याने बगदादला केलं, मग आपण इराकला जाऊ. तर म्हणे खिव्याच्या वेशीबाहेर त्याचा पुतळा आहे, मला त्याच्यासोबत सेल्फी काढायचाय. एवढ्यासाठी खिवा! ताश्कंदपासून हजारेक किलोमीटर लांब, रेल्वेने एक अख्खी रात्र. पण नंतर मी इचान कलाचे फोटो बघितले, मातीच्या तटबंदीच्या आत अख्खं जुनं शहर, मधोमध तो अर्धवट राहिलेला निळा-हिरवा जाडजूड मिनार, आणि गप्प बसले.

आईचं ताश्कंद. का, ते तिने तेव्हा सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "ताश्कंद पहिलं घ्या आणि सोमवारी घ्या."

आम्हाला वाटलं सोमवारी काहीतरी मुहूर्त बिहूर्त असेल. नवरा म्हणाला, "आई, शुक्रवारचं तिकीट माणशी चार हजारांनी स्वस्त पडतंय." आई म्हणाली, "मग माझ्या पेन्शनमधून घ्या जावईबुवा." यावर काय बोलणार. विषय तिथेच संपला आणि एक्सेलमध्ये सोमवार पिवळा झाला.

रूटचं कोडं मात्र मी सोडवलं, याचं श्रेय मला हवंय. बहुतेक लोक ताश्कंद, समरकंद, बुखारा असं पश्चिमेकडे सरकत जातात आणि मग खिवा लांब पडतं म्हणून सोडून देतात, नाहीतर तिकडे जाऊन परत त्याच रस्त्याने येण्यात एक दिवस घालवतात. त्यापेक्षा उलटं करायचं. ताश्कंदहून विमानाने थेट उर्गेंचला जायचं, दीडएक तासाचं विमान आहे, तिथून खिवा टॅक्सीने तासाच्या आत. मग तिथून जमिनीवरून परत पूर्वेकडे, खिवा ते बुखारा किझिलकुम वाळवंटातून साडेचारशेच्या आसपास किलोमीटर, ते रेल्वेने, रस्त्याने नको कारण आईचे गुडघे. पुढे बुखारा ते समरकंद आणि समरकंद ते ताश्कंद 'अफ्रोसियाब' नावाची फास्ट ट्रेन, बुखाऱ्याहून समरकंद दीड तास, समरकंदहून ताश्कंद दोन-सव्वादोन. मुंबई-पुणे डेक्कन क्वीनला तीन तासांच्या वर लागतात आणि हे लोक साडेतीनशे किलोमीटर दोन तासांत, हे नवऱ्याने मला चार वेळा ऐकवलं. तिची तिकिटं भराभर संपतात, त्यामुळे विमानाच्या तिकिटानंतर लगेच तीच काढायची, हॉटेलं नंतर.

व्हिसा सोपा निघाला. ऑनलाइन ई-व्हिसा, २० डॉलर, एकदा जाता येतं, ३० दिवस राहता येतं. फक्त आईच्या पासपोर्टवर तिचं आणि वडिलांचं नाव एकाच रकान्यात जोडून आलंय, तर ते जसंच्या तसं भरायचं, आपली अक्कल चालवायची नाही. नवऱ्याने चालवली होती. परत भरावा लागला, परत २० डॉलर. आणि तिकडे हॉटेलवाले परदेशी पाहुण्यांची नोंदणी करून चिठ्ठी देतात, ती जपून ठेवायची म्हणे, परत निघेपर्यंत.

पैशांचं गणित मजेशीर आहे. एका डॉलरला १२ हजारांच्या आसपास सोम. म्हणजे हजार सोम म्हणजे आपले सात रुपये. आई म्हणाली म्हणजे मी लाख लाख रुपयांचा चहा पिणार. लाख नाही गं, पण लाखाची नोट आहे खरंच, दोन लाखांचीही आहे. डॉलर मात्र नवे कोरे न्यायचे, घडी पडलेली किंवा पेनाने काहीतरी लिहिलेली नोट घ्यायला कटकट करतात असं सगळे सांगतात.

आता एक सीरियस गोष्ट, जी मला योगायोगाने कळली नाहीतर वाट लागली असती. तिकडे ट्रामाडॉल, कोडीन वगैरे असलेल्या औषधांबाबत कस्टमवाले भयंकर कडक आहेत. आपल्याकडे गुडघेदुखीला, पाठदुखीला ट्रामाडॉलवाली गोळी डॉक्टर सहज लिहून देतात आणि आपण स्ट्रिपच्या मागचं बारीक अक्षर कधी वाचतो का? आईच्या पर्समध्ये तशी अख्खी स्ट्रिप होती. डॉक्टरांकडे जाऊन गोळी बदलून घेतली, बाकीच्यांची प्रिस्क्रिप्शनं प्रिंट काढून ठेवली. घरात म्हातारं माणूस असेल तर हे आधी बघा, रेगिस्तान नंतर.

आणि मग जेवण. आई माळकरी नाही पण शुद्ध शाकाहारी आहे, अंडंसुद्धा नाही. उझबेकांचा राष्ट्रीय पदार्थ पलोव, म्हणजे भात, पिवळी गाजरं आणि मटण, तेही मेंढीच्या शेपटाकडच्या चरबीत. मटण बाजूला काढून द्या म्हटलं तरी काय उपयोग. समोसा तिकडे सोम्सा, तंदुरात भाजतात, तळत नाहीत, आत मटण आणि कांदा. पण भोपळ्याचाही असतो आणि वसंतात हिरव्या पाल्याचा असतो, चरबी घातलीय का ते विचारून घ्यायचं एवढंच. बाकी नान (त्याला 'नोन' म्हणतात, आणि तो टेबलावर पालथा ठेवायचा नाही, अपमान समजतात), दही, टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर आणि सुकामेवा यावर माणूस आठ दिवस काढू शकतो. समरकंदला आपली मेडिकलची पोरं भरपूर आहेत म्हणून इंडियन हॉटेलंही आहेत. तरी आईची बॅग मला आत्ताच दिसतेय, सांगलीचं भडंग, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी.

पण भाषेत मात्र मला जाम मजा आली. आठ दिवस नुसती शब्दांची यादी करत बसले होते. बाजार म्हणजे बोझोर, मैदान म्हणजे मायदोन, दुकान दोकोन, दोस्त दोस्त. चहाची वाटी म्हणजे पियोला, आपला प्याला. 'खाना' म्हणजे खोली, जसा आपला दवाखाना, कारखाना, तसं तिकडे चोयखोना, ओशखोना. हे फारसी शब्द आपल्याकडे पेशव्यांच्या कागदांत भरलेत आणि तिकडे रस्त्यावरच्या पाट्यांवर. सगळ्यात भारी म्हणजे औषधाच्या दुकानावर पाटी असते 'दोरीखोना'. दोरी म्हणजे औषध, दवादारूतलं दारू. म्हणजे दारूखाना! नवरा खूश झाला होता पाटी ऐकून, मग अर्थ सांगितला. आणि सावध राहा, 'साब्झी' म्हणजे तिकडे भाजी नाही, गाजर. आईने हॉटेलात भाजी मागितली तर गाजरं येतील. म्हणून तिला एक वाक्य पाठ करून दिलंय, "मेन गोश्त येमायमान", मी मांस खात नाही. ती ते आता फोनवर मावशीलाही म्हणून दाखवते. बुखारा म्हटल्यावर पहिलं तिने विचारलं होतं, "आलुबुखारवालं का गं?" हो, तेच.

तर सोमवार. परवा रात्री भाकरी थापता थापता तिनेच काढलं. ती इस्लामपूरला सातवीत होती, १९६५. युद्ध, वर धान्याची टंचाई, आणि शास्त्रीजींनी सांगितलं की आठवड्यातून एक वेळचं जेवण सोडा, सोमवारी रात्री. आजोबांनी त्या सोमवारपासून घरात संध्याकाळची चूल बंद केली. पोरांना दूध आणि शेंगदाणे. आई म्हणते पहिले दोन सोमवार आम्ही भावंडं रडलो, तिसऱ्या सोमवारी शेजारच्यांची चूल पेटलीय का ते बघायला जायला लागलो. मग जानेवारी आला, १० तारखेला ताश्कंदचा करार झाला आणि त्याच रात्री शास्त्रीजी तिथेच गेले, ११ तारखेला सकाळी रेडिओवर सांगितलं. "ताश्कंद हा शब्द मी त्यात पहिल्यांदा ऐकला. दादांनी (म्हणजे आजोबांनी) रेडिओ बंद केला आणि कामाला गेलेच नाहीत त्या दिवशी."

पुढे धान्य आलं, आजोबा गेले, आईचं लग्न झालं, पण सोमवारची रात्र तिने सोडली नाही. मला वाटायचं शंकराचा सोमवार करते. चाळीस वर्षं मला तेच वाटत होतं. मी कधी विचारलंच नाही की मग सकाळी कशी जेवते, शंकराचा उपास असा असतो का.

ताश्कंदमध्ये शास्त्रीजींच्या नावाचा रस्ता आहे आणि तिथे त्यांचा पुतळाही. एप्रिलमधला तो सोमवार आता पूर्ण मोकळा ठेवलाय, सकाळी पुतळा, दुपारी मेट्रो (१९७७ ची आहे, स्टेशनं राजवाड्यासारखी, आणि २०१८ पर्यंत फोटो काढायला बंदी होती, आता चालतं). नवऱ्याने संध्याकाळसाठी एक इंडियन हॉटेल शोधून एक्सेलमध्ये टाकलं होतं, शुद्ध शाकाहारी थाळी वगैरे. आईने चष्मा लावून लॅपटॉपवर तो रकाना वाचला.

"हे खोडा," म्हणाली. "तुमचं तुम्ही दोघं बाहेर काय ते खा. मला खोलीवर दूध मिळतंय का तेवढं बघा."