पुस्तक हरवले नव्हते
आज आमच्या वाचनालयात एक जुने नाटक मागितले, तेव्हा संगणकावर ते उपलब्ध दिसत होते, कपाटात मात्र नव्हते. पुस्तकांची देवघेव पाहणाऱ्या निर्गम सहायकाने दाखल नोंदवही (आलेल्या प्रत्येक पुस्तकाची नोंद असते ती) उघडून क्रमांक काढून दिला, ग्रंथपालबाईंनी ८९१.४६२ हा मराठी नाटकाचा वर्गांक, म्हणजे विषयावरून पुस्तकाची कपाटातली जागा ठरवणारा आकडा, पाहून, शेवटचा आकडा कुणी ३ असा वाचला असेल तर पुस्तक कादंबऱ्यांत जाऊन बसले असणार, असा तर्क केला. आणि ते प्रत्यक्ष हुडकून आणले शिपाईकाकांनी, ज्यांना (पदनाम काहीही असो) कपाटांचा सारा पसारा तोंडपाठ आहे. पुठ्ठा निखळलेला असल्यामुळे ते घरी नेता आले नाही. काकांनीच खळ लावून कापडी पट्टी चिकटवली, वर दोन जाडजूड शब्दकोश ठेवले आणि "सोमवारी या" म्हणाले.