व्हिक्टोरिया म्हणून तीन वर्षं खुंटच वाढवला

प्लमचं रोप घरी आलं की खड्डा खणायच्या आधी खोडाशी बसा आणि कलमाचा जोड शोधा, म्हणजे खालचं मुळांचं झाड (खुंट) आणि त्यावर बांधलेली हव्या जातीची फांदी जिथे जुळतात ती जागा. जोडाच्या वर जिवंत फांदी आहे ना, एवढंच बघायचं. माझ्या वेळी हे कोणी सांगितलं नाही, म्हणून लिहितेय.

आम्ही इंग्लंडमध्ये वूस्टरला राहतो. जवळच पर्शोर आहे. तिथे ऑगस्टमध्ये प्लमचा उत्सव असतो, आणि तिथेच मी व्हिक्टोरिया जातीचा पहिला प्लम खाल्ला. लालसर-पिवळा, रसाळ, सालीजवळ किंचित आंबट. आमच्या रत्नागिरीच्या घरी दारात हापूस आहे, तसं इथल्या दारात हे झाड हवंच, असं मी त्या दिवशी ठरवून टाकलं. व्हिक्टोरियाला परागीकरणासाठी दुसरं झाड लागत नाही, त्यामुळे छोट्या बागेला एक पुरतं. नोव्हेंबर 2018मध्ये एका नर्सरीतून ऑनलाइन रोप मागवलं. खुंट 'सेंट ज्युलियन ए', जात 'व्हिक्टोरिया', असं लेबलवर स्वच्छ छापलेलं होतं. लावलं, काठीचा आधार दिला, पाणी घातलं. झाड जोमाने वाढलं.

2021च्या एप्रिलमध्ये पहिला बहर आला. ऑगस्टमध्ये फळं रंगायला लागली ती काळपट निळी, गोल, मोठ्या करवंदाएवढी. खाल्ली तर तुरट. मी व्हिडिओ कॉलवर बाबांना दाखवली. हयातभर आंब्याची कलमं बांधलेला माणूस. त्यांनी फळाकडे बघितलंसुद्धा नाही. "फोन खाली ने," म्हणाले. खोड बघितलं आणि म्हणाले, "अगं, ही फूट जोडाच्या खालची आहे. वरचं कलम केव्हाच गेलंय. तू खुंट वाढवलायस."

इथून माझी नर्सरीशी लढाई सुरू झाली. त्यांच्या तक्रारीच्या फॉर्मवर तीनच कारणं होती: रोप मेलं, रोप मोडून आलं, रोप पोचलंच नाही. 'जात वेगळी निघाली' हा पर्यायच नव्हता, आणि कारण निवडल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नव्हता. ईमेल केलं. आठ दिवसांनी उत्तर: झाड जिवंत आहे ना, मग हमी लागू होत नाही. परत लिहिलं, फळांचे फोटो जोडले. उत्तर: हमी बारा महिन्यांची होती, ती संपली. अहो, फळ धरायलाच तीन वर्षं लागतात, तर बारा महिन्यांत मला जात कळणार कशी? हा प्रश्न मी चार वेळा विचारला. एकदाही त्याला उत्तर मिळालं नाही. प्रत्येक वेळी नवीन माणूस, आणि प्रत्येक वेळी ऑर्डर नंबरपासून सुरुवात. फोन केला तर पंचवीस मिनिटं संगीत, मग "ईमेल करा". शेवटी एकाने तर कळवलं की कलम तुमच्याकडे मेलं असणार, आम्ही पाठवलं तेव्हा ठीक होतं. त्या वाक्याने मला झोप लागली नाही.

रात्री जुने फोटो उघडले. लावणीच्या दिवशीचा एक फोटो होता, लेक रोपाशेजारी फावडं धरून उभी. मोठा करून बघितला. जोडाच्या वर दोन बोटं लांबीचं वाळकं, करडं थोटूक, आणि त्याच्या खालून निघालेली सरळ, हिरवट फांदी, जिला आम्ही खोड समजलो. रोप आलं तेव्हाच कलम मेलेलं होतं!

तो फोटो पाठवला आणि सोबत कन्झ्युमर राइट्स ॲक्ट, 2015चा उल्लेख केला. वस्तू वर्णनाप्रमाणेच असली पाहिजे, असं त्यात आहे. सहा महिन्यांनंतर दोष मुळातला होता हे ग्राहकाला दाखवावं लागतं, पण इंग्लंडमध्ये दावा सहा वर्षांपर्यंत करता येतो. 'बारा महिने' हे त्यांच्या हमीचं झालं, कायद्याचं नव्हे. सहा दिवसांत पैसे परत आले. चूक झाली, असं मात्र आजतागायत कोणी लिहिलेलं नाही. तो राग अजून आहे.

म्हणून लावणीच्या दिवशी जोडाचा जवळून फोटो काढाच. लेबल आणि पावतीचं ईमेल जपून ठेवा.

झाड उपटायला बाबांनी मनाई केली. "मुळं तीन वर्षांची आहेत, डोळा भर." म्हणजे खुंटावर व्हिक्टोरियाचा एक अंकुर बसव. 2022च्या एप्रिलमध्ये खोड गुडघ्याएवढं कापलं. ऑगस्टपर्यंत पेन्सिलीएवढ्या दोन फांद्या तयार झाल्या. शेजारच्या आजोबांच्या निरोगी व्हिक्टोरियावरून काडी आणली (रोगट झाडाची काडी घेऊ नका, विषाणू कलमातून येतात). पानं कापून देठ ठेवले, डोळा पातळ लाकडासकट काढला, फांदीवर तेवढाच खाचा पाडून बसवला आणि पट्टीने घट्ट बांधला. बाबा फोनवरून एकेक बोट सांगत होते. तीन आठवड्यांनी देठ हात लावताच गळला, म्हणजे डोळा धरला. मार्चमध्ये डोळ्याच्या वरची फांदी कापली आणि एप्रिलमध्ये कोंब आला. जोडाखाली फुटेल ते आजही दर महिन्याला खुडते.

छाटणीचं राहिलं: नेहमीची छाटणी उन्हाळ्यातच, जून-जुलैमध्ये. हिवाळ्यात जखम केली तर सिल्व्हर लीफ या रोगाची बुरशी आत शिरते. आणि फळं दाट लागली तर जूनमध्ये विरळ करा, नाहीतर व्हिक्टोरियाच्या फांद्या ओझ्याने मोडतात. गावाकडून कोयी मागणाऱ्यांना सांगते, कोयीतून हापूस येत नाही तसा व्हिक्टोरियाही येत नाही. शिवाय याला हिवाळाभर कडक थंडी लागते, ती रत्नागिरीत कुठून आणणार?

2025च्या ऑगस्टमध्ये नऊ फळं मिळाली, लालसर-पिवळी. ताटलीत ठेवून बाबांना फोन लावला. ते म्हणाले, "फळं मग बघू. आधी जोड दाखव."