तुम्ही विचारलंत म्हणून: जानेवारीत सूर्य आणखी उशिरा का उगवतो?

वर्षातला सर्वांत लहान दिवस २२ डिसेंबरच्या सुमारास होऊन जातो, तरी जानेवारीत सूर्य आणखी उशिराच का उगवतो, हा प्रश्न मी भूगोल शिकवू लागल्यापासून दर हिवाळ्यात कोणी ना कोणी मला विचारतेच. विचारणारे बहुधा पहाटे फिरायला जाणारे असतात आणि त्यांचे निरीक्षण अचूक असते. मुंबईत २२ डिसेंबरला सूर्योदय ७.०७च्या सुमारास होतो, तर १४ जानेवारीला ७.१५च्या सुमारास.

परिवलनामुळे दिवस-रात्र आणि परिभ्रमणामुळे ऋतू, अशी वाटणी आपण शाळेत पाठ करतो. माझ्या मते ती अपुरी आहे. पृथ्वी स्वतःभोवतीची फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पूर्ण करते. तेवढ्यात ती कक्षेत सुमारे एक अंश पुढे गेलेली असते, त्यामुळे सूर्य पुन्हा माध्यान्हीला, म्हणजे आकाशातल्या सर्वांत उंच जागी, येण्यासाठी तिला आणखी सुमारे चार मिनिटे फिरावे लागते. आपला २४ तासांचा दिवस असा दोन्ही गतींनी मिळून घडतो.

मात्र ही चार मिनिटे वर्षभर सारखी नसतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ, सुमारे १४.७ कोटी किलोमीटरांवर येते आणि तेव्हा तिचा कक्षेतला वेगही सर्वाधिक असतो. शिवाय तिचा आस सुमारे साडेतेवीस अंशांनी कललेला असल्यामुळे अयनदिनाच्या, म्हणजे सर्वांत लहान किंवा सर्वांत मोठ्या दिवसाच्या, आसपास सूर्याचे पूर्वेकडे सरकणे विषुववृत्ताला समांतर मोजले असता जास्त भरते. परिणामी डिसेंबरअखेरीस एका माध्यान्हापासून दुसऱ्या माध्यान्हापर्यंत २४ तासांहून सुमारे अर्धा मिनिट अधिक लागतो.

हे अर्धे अर्धे मिनिट साचत जाते आणि १४ जानेवारीपर्यंत मुंबईतला माध्यान्ह १२.३७ वरून सुमारे १२.४७ वर जातो. याच काळात दिनमान वाढते ते जेमतेम सहा-सात मिनिटांनी, म्हणजे सकाळच्या वाट्याला तीन-साडेतीन मिनिटेच येतात, आणि सूर्योदय लवकर होण्याऐवजी सात-आठ मिनिटे लांबतो. संध्याकाळी मात्र दोन्ही फरक एकाच बाजूला पडतात, म्हणून सूर्यास्त चौदा-एक मिनिटे पुढे जातो. सर्वांत लवकरचा सूर्यास्त तर नोव्हेंबरअखेरीसच होऊन गेलेला असतो.

संक्रांतीपासून दिवस तिळातिळाने वाढतो, हे म्हणणे चूक ठरवणारे मला अनेकदा भेटतात. दिनमानाच्या हिशेबाने ते बरोबर असतात. पण पहाटे उठून अंगणात सडा घालणाऱ्या बाईला आपल्या अक्षांशावर सूर्य पुन्हा लवकर उगवू लागलेला दिसतो, तो जानेवारीच्या मध्यानंतरच.