करंटवर उभं राहताना माझा अनुभव

माझी मणक्याची इंजुरी डी ८ (छातीमागचा आठवा मणका), कम्प्लीट, म्हणजे त्याखाली ना हालचाल ना संवेदना. आंब्यावरून पडलो, ते पुराण परत नको. कॅलिपर (पाय ताठ धरणाऱ्या पट्ट्या) घालून उभा राहायचो पण कंटाळा यायचा, मग फिजिओ मॅडम म्हणाल्या मांडीच्या स्नायूंना मशीनने विजेचा करंट लावून बघू, तुमच्या पायात स्पॅझम (आपोआप येणारे झटके) येतात ना, मग जमेल. एवढे वैताग देणारे स्पॅझम कामाचे कसे काय, तर इंजुरीच्या खालच्या, स्नायूंकडे जाणाऱ्या नसा शाबूत असल्याची ती खूण. आमच्यातल्याच एकाची इंजुरी खाली एल १ ला (कमरेचा पहिला मणका), त्या नसाच गेलेल्या, पाय अगदी लुळे, त्याला त्याच मशीनवर कितीही करंट वाढवला तरी मांडी ढिम्म.

आधीचं लचांड बरंच असतं. हाडं ठिसूळ होतात म्हणून डेक्सा स्कॅन, उभं केलं की बीपी पडतं म्हणून टिल्ट टेबल (बांधून हळूहळू उभं करणारं टेबल), आणि वाळलेल्या मांड्यांना ताकद यावी म्हणून कित्येक आठवडे बसल्या जागी नुसता गुडघा सरळ करायचा.

मग उभं राहणं. मांडीवर जेलचे पॅड, बटण दाबलं की आधी कातडीखाली थरथर दिसते (दिसते फक्त, कळत काहीच नाही), मग स्नायू टणक आणि गुडघा ताठ. पॅरलल बार धरून वर आलो, गुडघे झकास लॉक, पण मी कमरेत वाकलेला, बूड मागे, सगळा भार मनगटांवर आणि मॅडम मागून ओरडतायत, "दादा, पोट पुढे काढा!" खरी मेख तिथेच आहे, करंट गुडघा सांभाळतो, कंबर आपल्यालाच सांभाळावी लागते. पोट पुढे, खांदे मागे असं ऐटीत उभं राहिलं की जांघेपुढचे लिगामेंट ताणून शरीर धरून ठेवतात. पुढे कुल्ल्यांवरही पॅड लावले तेव्हा कुठे एक हात सोडता आला.

पण दमतात पाय. एरवी स्नायूतले तंतू आळीपाळीने राबतात, करंट मात्र तेच तेच तंतू एकदम जुंपतो, त्यात लवकर दमणारेही आले, त्यामुळे काही मिनिटांत गुडघे लटपटतात. अमेरिकेत १९६० साली डॉक्टर कँट्रोविट्झ यांनी पॅराप्लेजिक (दोन्ही पाय लुळे पडलेल्या) माणसाला असंच उभं केलं होतं, तेव्हापासून हीच रड.

नातेवाईक विचारतात, चालणार का आता? नाही हो, मशीन बंद की पाय होते तसे. बुडावरचा दाब उतरतो, मला तेवढं पुरे.

पॅड महाग पडतात म्हणून पाण्याचा हात फिरवून थोडे जास्त दिवस चालवतो, पण कडा सुटलेला पॅड अजिबात लावू नका, करंट एकाच जागी गोळा होऊन कातडी भाजते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही, काढल्यावर आरसा धरून बघायचंच.